आधी पाणी, मग बुंद

कॉफीच्या आवडीनिवडीची चर्चा नेहमी दाण्यापासून सुरू होते. अरेबिका की रोबस्टा, चिकमगळूरची की कुर्गची, भाजणी गडद की फिकी, चिकरी किती. पुंडलिकनगरात, खरं तर सगळ्या छत्रपती संभाजीनगरात, ही चर्चा दुसऱ्या टोकाने सुरू करायला हवी. गाळून केलेल्या बिनदुधाच्या कॉफीत दाण्यातून उतरलेला अंश असतो साधारण सव्वा ते दीड टक्का. बाकी सगळं पाणी. आणि इथल्या घरात पाणी एका प्रकारचं नसतं. पैठणच्या नाथसागरातून निघून जलकुंभात चढणारं आणि काही दिवसांच्या खंडाने घरी येणारं नळाचं पाणी एक, बोअरचं दुसरं, उन्हाळ्यात दारात उभ्या राहणाऱ्या टँकरचं तिसरं, ओट्याजवळच्या आरओचं किंवा विकतच्या जारचं चौथं. एकाच पाकिटातली पूड या चार पाण्यांत चार चवींची होते. तेव्हा एखादी कॉफी ‘मला चालत नाही’ असं कुणी ठरवतो, त्यात पाण्याचा वाटा किती होता हे बघितल्याशिवाय तो निकाल पक्का धरता येत नाही.

हे पटायला प्रयोगशाळा लागत नाही, इथल्या स्वयंपाकघरांना ते कधीचं ठाऊक आहे. बोअरच्या पाण्यात तूरडाळ गळत नाही, म्हणून डाळीला ‘फिल्टरचं’ पाणी वेगळं घेतलं जातं. त्याच पाण्याचा कोरा चहा काळपट होतो आणि गार होताना वर तवंग धरतो. साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोटीवर पांढरे चट्टे चढतात. शाळेच्या पुस्तकात या पाण्याला दुष्फेन म्हणतात, घरात जड. शहर काळ्या बेसॉल्टवर वसलेलं आहे. खडकाच्या फटींतून मुरत गेलेलं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट सोबत घेऊन वर येतं. कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला धरून ठेवतं, बायकार्बोनेट चहाचा रंग गडद करतं. पण डाळ आणि चहा यांच्यासाठी पाणी बदलणारं घर कॉफीच्या वेळी मात्र पिंपात हाताला येईल ते पाणी घेतं, कारण कॉफी बिघडली तरी दोष पाकिटावर जातो.

कॉफीत नेमकं काय बिघडतं? चांगल्या भाजलेल्या दाण्याचा निम्मा डौल त्याच्या आंबटपणात असतो. हा आंबटपणा नासलेपणाचा नसून संत्र्याच्या किंवा पिकल्या करवंदाच्या जातीचा. बायकार्बोनेट आम्ल मारतं; पोटात आम्लपित्त उसळल्यावर खायचा सोडा घेतात, त्यामागचं कारणही हेच. म्हणजे जड पाण्यात केलेली कॉफी ही थोडासा सोडा घातलेली कॉफी असते: बोथट, खडूसारखी, आणि कडूपणा तेवढा शाबूत. 2014 साली बाथ विद्यापीठातले क्रिस्टोफर हेंडन आणि इंग्लंडमधले कॉफी व्यावसायिक मॅक्सवेल कोलोना-डॅशवूड यांनी सहकाऱ्यांसह यावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. पाण्यातलं मॅग्नेशियम दाण्यातली चव ओढून काढायला मदत करतं आणि बायकार्बोनेटचा अतिरेक चव मारतो, असा त्याचा रोख होता. याचा अर्थ क्षार मुळात शत्रू नाहीत. आरओने ते जवळपास सगळे काढून टाकले की उलटं घडतं: आम्लाला आवर घालणारं काहीच उरत नाही, कॉफी पातळ आणि टोकदार आंबट लागते. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनने कॉफीसाठी पाण्याचं जे प्रमाण सुचवलं आहे त्यात विरघळलेले क्षार लिटरला 150 मिलिग्रॅमच्या आसपास आणि अल्कलीपणा 40 च्या आसपास धरला आहे. भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा 500, अल्कलीपणाची 200. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत; पिण्यासाठी उत्तम असलेलं पाणी कॉफीसाठी पाचपट अल्कली असू शकतं, एवढंच.

या शहराचा इतिहास म्हणजे पाणी लांबून आणण्याचा इतिहास आहे, आणि त्यात कॉफीचा एक विलक्षण योगायोग दडलेला आहे. 1610 मध्ये खडकी नावाने हे शहर वसवणारा आणि डोंगराकडचं पाणी नहर-ए-अंबरीच्या भुयारी नळांतून वस्तीत आणणारा मलिक अंबर जन्माने इथिओपियाचा, म्हणजे अरेबिका कॉफीच्या मूळ भूमीतला. गुलाम म्हणून तो ज्या बंदरांतून आणि बाजारांतून विकला गेला त्यांत येमेनमधलं मोखा होतं. पुढे जगाला कॉफी पुरवून ज्या बंदराने नाव कमावलं आणि आज कॅफेच्या फलकावर ‘मोका’ म्हणून जे मिरवतं, तेच हे. बाबा बुदान यांनी सात बिया आणून कर्नाटकातल्या डोंगरात लावल्याची आख्यायिका याच सतराव्या शतकातली आणि याच येमेनमधली. जुन्या मराठीत कॉफीच्या दाण्याला बुंद म्हणत, तो शब्दही अरबी ‘बुन्न’चा पाहुणा. बुंद समुद्रावरून आला, पाणी मात्र ज्याच्या त्याच्या गावचं राहिलं.

आता इथल्या आवडीकडे बघू. कॉफी ‘कडक’ हवी, असं आपण चहाच्या सवयीने म्हणतो. या एका शब्दात तीन वेगळ्या मागण्या कोंबलेल्या असतात: कडूपणा, दाटपणा आणि तरतरी. कडूपणा मुख्यतः गडद भाजणीतून येतो. दाटपणा पुडीच्या प्रमाणातून आणि चिकरीतून. तरतरी कॅफिनमधून, आणि ते अरेबिकापेक्षा रोबस्टात जवळपास दुप्पट असतं. चिकरीत तर अजिबात नसतं. म्हणजे अधिक चिकरीची गडद कॉफी पिऊन ‘कशी किक बसली’ म्हणणाऱ्याला प्रत्यक्षात कॅफिन कमीच मिळालेलं असू शकतं. कायद्याने कॉफी-चिकरी मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. ती बारीक ओळ सहसा कुणी वाचत नाही. तरीही कॉफीचे जाणकार चिकरीला नाकं मुरडतात, तेव्हा मला ते अन्यायाचं वाटतं. नेपोलियनच्या काळात आयात अडल्यावर युरोपात चिकरी बोकाळली ती कॉफीची उणीव भरायला, हे खरं. पण जड पाण्यात फळासारखा आंबटपणा टिकणारच नसेल, तर त्यासाठी जादा पैसे मोजून फिकी भाजणी आणण्यात शहाणपण कुठलं? गडद भाजणी, थोडी चिकरी, वर जायफळ हा मराठी घरांचा बेत मागासलेला मुळीच नाही. पाण्याने मारलेला सुगंध जायफळ-वेलची बाहेरून परत आणते. जुन्या घरांना रसायनशास्त्र नसेल माहीत, जिभेचा हिशेब चोख होता.

इथे एक रास्त आक्षेप येतो. आपल्याकडे बहुतेक घरांत कॉफी दुधाची होते, तीही इन्स्टंट; उकळत्या दुधात चमचाभर पूड आणि साखर. त्यात पाण्याचा प्रश्न येतो कुठे? फारसा येत नाही, हे मान्य करायला हवं. इन्स्टंट कॉफीचा अर्क दूरच्या कारखान्यात, तिथल्या पाण्यात काढून वाळवलेला असतो. शिवाय दूध स्वतःच आम्लाला बोथट करतं आणि त्यातली प्रथिनं तुरटपणा आवळून धरतात. जड पाण्याचं काम दूध अधिक चवदारपणे उरकतं. म्हणूनच दुधाच्या कॉफीसाठी महागडी अरेबिका आणणं मला उधळपट्टी वाटते. तिथे रोबस्टा लागतो, दुधातून वर डोकं काढण्याची ताकद त्याच्यात आहे, आणि भारतात पिकणाऱ्या कॉफीत तोच सुमारे 70 टक्के आहे. पाण्याचा प्रश्न उभा राहतो तो स्टीलच्या फिल्टरमधून डिकॉक्शन काढणाऱ्यांपुढे, कोरी कॉफी पिणाऱ्यांपुढे, आणि डॉक्टरांनी दूध-साखर तोडल्यामुळे नाइलाजाने कोरीकडे वळलेल्यांपुढे. ही तिसरी मंडळी वाढताहेत, आणि कोरी कॉफी म्हणजे औषध असं त्यांना वाटतं ते पुष्कळदा बोअरच्या पाण्यामुळे.

दुसरा आक्षेप असा की आवड ज्याची त्याची, तिला पाण्याचे आकडे कशाला? पण आवड ठरण्यासाठी आधी दोन चवी समोर याव्या लागतात. त्याला फार खर्च येत नाही. क्षार मोजायचं पेनासारखं यंत्र काही शे रुपयांत मिळतं. समजा नळाचं पाणी 260 दाखवतं आणि आरओचं 40, तर दोन्ही निम्मं-निम्मं घेतल्यावर 150 होतं. मिश्रण उकळायचंच असल्याने जंतूंची धास्तीही उरत नाही. फक्त हे यंत्र क्षार किती ते सांगतं, कोणते ते नाही. बोअरशिवाय इलाज नसेल तर पाणी खळखळून उकळून, निवळू देऊन, वरचं तेवढं ओतून घ्यावं. बायकार्बोनेटचा बराचसा भाग पांढरा साका होऊन तळाशी बसतो. अपार्टमेंटच्या गच्चीवरच्या सॉफ्टनरवर मात्र विसंबू नये. तो कॅल्शियम काढून सोडियम घालतो, म्हणून साबणाला फेस येतो. बायकार्बोनेट जिथल्या तिथे राहतं आणि कॉफी तशीच बोथट. पिंपात दोन-तीन दिवस साठलेल्या नळाच्या पाण्याची एक बाजू अनपेक्षितपणे चांगली आहे: क्लोरीनचा वास तोवर बराच उडून गेलेला असतो. खंडित पुरवठ्याचा हा एकुलता एक फायदा महापालिकेने आपल्या खात्यावर मांडू नये म्हणजे झालं.

राहता राहिलं तापमान. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 568 मीटरवर असल्याने पाणी इथे 98 अंशांच्या आसपासच उकळतं. पुस्तकात कॉफीसाठी 90 ते 96 अंश सांगितलेले असतात, म्हणजे गॅस बंद करून मिनिटभर थांबलं की काम भागतं, थर्मामीटर लागत नाही. मग एकाच पुडीचे, एकाच मापाचे दोन कोरे कप करावेत, एक पिंपातल्या पाण्याचा आणि एक जुळवलेल्या पाण्याचा, आणि घरातल्या दुसऱ्या कुणीतरी कपाखाली खूण करून ते पुढे ठेवावेत. कोमट होईपर्यंत घाई करू नये. जीभ पोळलेली असताना दोन्ही सारखेच लागतात. फरक जाणवला नाही तर पाण्याची खटपट तिथेच सोडून खुशाल स्वस्तातलं पाकीट आणावं, आणि वाचलेल्या पैशांचं जायफळ.