शस्त्र खाली ठेवल्यानंतर

अंगुलिमालाची कथा आपण सारे जाणतो. पण ती सांगताना बहुधा अर्ध्यावर थांबतो. तथागतांच्या भेटीनंतर तो भिक्खू झाला आणि कोसलनरेश पसेनदीनेही त्याला सन्मानाने वागविले, एवढे आपणांस ठाऊक असते. मज्झिम निकायातील सुत्त मात्र पुढचेही सांगते. भिक्षेसाठी श्रावस्तीत गेला असता त्याच्यावर ढेकळे, काठ्या व खडे येऊन आदळले. डोके फुटले, भिक्षापात्र भंगले. राजाने स्वीकारलेला मनुष्य नगराने अद्याप स्वीकारलेला नव्हता.

यादवी युद्धातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक देशापुढे हाच प्रश्न उभा राहतो. बौद्ध कंबोडियात १९७५ ते १९७९ या ख्मेर रूज राजवटीत सुमारे १७ लाख माणसे मृत्युमुखी पडली. भिक्खुसंघ जवळजवळ नामशेष झाला. १९९१ च्या पॅरिस करारानंतरही ख्मेर रूजने शस्त्रे खाली ठेवली नाहीत. १९९६ मध्ये इएंग सारी यांचा गट सरकारला मिळाला, तेव्हा सरकारने जीवित, मालमत्ता आणि पद या तिन्हींची हमी दिली. १९९८ च्या अखेरीस युद्ध थांबले. कालचे सैनिक पायलिन, मालाई भागांत शेती करू लागले. पोटापाण्याची शाश्वती मिळाली की बंदूक उचलण्याचे एक मोठे कारण नाहीसे होते.

परंतु या हमीत पीडितांना स्थान नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने २००६ मध्ये काम सुरू केलेल्या विशेष न्यायालयाने अखेर तिघांनाच दोषी ठरविले. बाकीचे अपराधी आणि पीडित एकाच भूमीत शेजारी म्हणून राहिले.

हे अंतर ना सरकार मिटवू शकत होते, ना न्यायालय. नालंदा येथे अध्ययन केलेले भदंत महा घोसानंद यांचे आप्त त्या संहारात गेले होते. तरीही त्यांनी निर्वासितांच्या छावण्यांत मैत्रीचा उपदेश केला आणि १९९२ पासून युद्धग्रस्त प्रदेशांतून धम्मयात्रा काढल्या.

तथागतांनी जखमी अंगुलिमालाला ते सारे सहन करण्यास सांगितले. दुखावलेल्या लोकांना विसरण्याचा आदेश दिला नाही. परतणाऱ्याने आपल्या कर्माचा भार मान्य करावा आणि समाजाने त्याच्यासाठी वाट मोकळी ठेवावी. यांतील एकही बाजू सुटली, तर शांतता केवळ करारापुरती उरते.