लॅबवाल्याला न दाखवता

रियाद वाडियाने ‘बॉमगे’ सेन्सॉर बोर्डाकडे पाठवलीच नाही. नकार ठरलेलाच होता, मग अर्जाचा खटाटोप कशाला? १९९६ सालची ही जेमतेम बारा मिनिटांची फिल्म. समलिंगी संबंध तेव्हा कलम ३७७ खाली गुन्हा, त्यामुळे सरकारी पैशाची आशा नव्हती. रियादने स्वतःच्या खिशात हात घातला. पुणे विद्यापीठात इंग्रजी शिकवणारे आर. राज राव यांच्या कवितांवर छोटे छोटे तुकडे बेतले, जोडीला सहदिग्दर्शक जंगू सेठना घेतला आणि ‘इंग्लिश, ऑगस्ट’ करून आलेल्या राहुल बोसला कॅमेऱ्यासमोर उभं केलं. ग्रंथालयातल्या प्रसंगाची चर्चा तर आजही होते.

खरी गंमत घराण्याची आहे. रियाद हा वाडिया मूव्हीटोनच्या जे. बी. एच. वाडियांचा नातू. त्यांचे धाकटे भाऊ होमी यांनी १९३५ साली ‘हंटरवाली’ काढली आणि पुढे तिच्या नायिकेशी, म्हणजे फिअरलेस नादियाशी, लग्नही केलं. या नादियावर रियादने १९९३ मध्ये माहितीपट केला होता. गुंडांना हंटरने बडवणारी बाई ज्या घराने थिएटरात आणली, त्याच घरातली ही फिल्म मात्र खासगी शो आणि परदेशी महोत्सवांतच फिरली. रियाद २००३ मध्ये गेला, ऐन छत्तिशीत.

अशा फिल्म्सचा विषय निघाला की लोक स्वस्ताईचं कौतुक करतात. कमी पैशात काय काम केलं बघा, वगैरे. मला ते अर्धंच पटतं. स्वस्त साधनाचा खरा फायदा हा, की शूटिंग आणि पडदा यांच्या मध्ये परके डोळे कमी येतात. फिल्म म्हटली की लॅब आली. सुपर एट या घरगुती वापराच्या फिल्मची पन्नास फुटी रीळ सेकंदाला अठरा फ्रेमने तीन मिनिटं वीस सेकंदांत संपते. पण नंतर ती धुवायला कुणाच्या तरी हातात द्यावीच लागते. आणि त्याने ती पाहून नाक मुरडलं तर झालाच बोभाटा.

अमेरिकेत केनेथ अँगरने १९४७ मध्ये ‘फायरवर्क्स’ आपल्या घरातच शूट केली, आईवडील बाहेरगावी गेल्याचा मोका साधून. निदान तो तरी असंच सांगायचा. जॅक स्मिथने ‘फ्लेमिंग क्रीचर्स’साठी मुदत संपलेली फिल्म वापरली, न्यूयॉर्कच्या एका थिएटरच्या गच्चीवर मित्रमैत्रिणी जमवल्या आणि धुरकट, फिक्कट चित्रालाच शैली करून टाकलं. १९६४ मध्ये पोलिसांनी ती जप्त केली.

माझा सगळ्यात आवडता किस्सा मात्र एका खेळण्याचा आहे. फिशर-प्राइस कंपनीने १९८७ मध्ये मुलांसाठी एक व्हिडिओ कॅमेरा काढला. तो चित्र साठवायचा साध्या ऑडिओ कॅसेटवर! ज्या कॅसेटवर आपल्याकडे भीमगीतं आणि भजनं वाजायची, तीच. टेप त्यात इतकी भरधाव पळायची की नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर दहा-अकरा मिनिटंच मावायची. चित्र काळंपांढरं आणि चौकोनी ठिपक्यांचं. जेम्स बेनिंग या प्रयोगशील दिग्दर्शकाने तो नाताळात आपल्या पंधराएक वर्षांच्या अपत्याला, सेडीला दिला. सेडीला हवा होता खरा कॅमकॉर्डर, त्यामुळे आधी वैतागच. मग खोलीचं दार लावून, चेहरा भिंगाला भिडवून, कागदाच्या चिठ्ठ्यांवर वाक्यं लिहून सेडीने स्वतःच्या समलिंगी ओढीबद्दल एकेक व्हिडिओ केला. धुलाई नाही, लॅब नाही. पुढे याच व्हिडिओंनी मोठमोठ्या संग्रहालयांत जागा पटकावली.

हे मला पटायचं कारण माझा जुना धंदा. यवतमाळात लग्नाची शूटिंग करताना मिनीडीव्हीच्या कॅसेटी हाताळल्या. तासाभराची कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायला तासभरच लागायचा, म्हणजे मिक्सिंगला बसलेला पोरगा सगळं बघायचाच. एका वरातीत दोन मित्र गळ्यात गळा घालून जरा जास्तच रंगात नाचले. दुसऱ्या दिवशी नवरदेवाचे काका दुकानात हजर. “तेवढं कापून टाक ना भाऊ, लोकं काही बी बोलतात.” कापलं. पण मूळ कॅसेटवर ते होतंच, आणि तिच्यावर पुढच्या लग्नाचं शूटिंग चढेपर्यंत राहिलं.

दिग्दर्शक निशित सरनने नेमकं उलटं केलं. हार्वर्डमध्ये शिकत असताना पदवीदानाला आई आली, तेव्हा ‘समर इन माय व्हेन्स’साठी हातातला व्हिडिओ कॅमेरा चालू ठेवूनच त्याने तिला आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. १९९९ ची ही फिल्म. मोठं युनिट, दिवे, बूम घेऊन कुणी आईशी असं बोलेल का? २००२ मध्ये निशित अपघातात गेला. त्याच आईचं, मिन्ना सरन यांचं नाव पुढे ३७७ विरोधात सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या पालकांच्या यादीत आलं.

दिग्दर्शक श्रीधर रंगायन यांनी मात्र ‘गुलाबी आईना’ ही आपली फिल्म रीतसर सेन्सॉर बोर्डाकडे नेली. तीनदा नकार. म्हणजे रियादचा हिशेब चुकीचा नव्हता. पण रंगायन यांनी २०१० मध्ये मुंबईत अशाच फिल्म्सचा ‘कशिश’ महोत्सव उभा केला, आणि त्याच महोत्सवाच्या अनुदानातून रोहन कानवडेचा ‘उ उषाचा’ हा लघुपट झाला. एकटीने पोरं वाढवणारी शेतमजूर उषा शाळेतल्या बाईंवर जीव जडवते आणि त्यापायी अक्षरं गिरवायला लागते. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया रोज बघणाऱ्या आम्हा यवतमाळकरांना ही उषा मुंबईच्या ग्रंथालयातल्या राहुल बोसपेक्षा फार जवळची. सिनेमाच्या शाळेची पायरीही न चढलेल्या याच रोहनच्या ‘साबर बोंडं’ला २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवाच्या जागतिक कथापट विभागातलं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळालं.

आता वणी-पुसदच्या पोरांना फोनवर फुकटात शूट करता येतं. अडचण एवढीच, की घरात फोन कुणीही उचलतं, पासवर्ड बहिणीला पाठ असतो आणि गॅलरी आपोआप क्लाउडवर चढते. परके डोळे पुन्हा वाढले. म्हणून मला कुणी विचारलं तर सांगतो, एखाद्या जुन्या स्टुडिओत धूळ खात पडलेला मिनीडीव्ही हँडीकॅम हजार-दोन हजारांत मागून बघा. कोऱ्या कॅसेटी मिळणं कठीण, पण लग्नाच्या जुन्यांवर चढवता येतं. फक्त आधी हेड क्लीनरची कॅसेट दहा सेकंद फिरवून घ्या, नाहीतर चित्रभर चौकोन येतील. अर्थात ते चौकोनच आवडले, तर राहू द्या.