पगारवाढ : मेहेरबानी कीं नियम ?

दिवाळी जवळ आली म्हणजे गोंदियाच्या बाजारपेठेंत आणि शहरास लागून असलेल्या मुर्री गांवांत नोकरमाणसांच्या मनांत एकच प्रश्न घोळूं लागतो : यंदा शेटजी पगार वाढवितात कीं नाहीं ? भातगिरणीवरचा हमाल, दुकानांतील नोकर, पेढीवरील दिवाणजी, यांपैकीं कोणासही त्याचें उत्तर आधीं ठाऊक नसतें. जो धीट तो मागून घेतो, जो भिडस्त तो मागें राहतो, आणि सारखींच पोतीं वाहणाऱ्या दोघांच्या मजुरींत फरक पडतो. ही पद्धत आम्ही धनी व नोकर या दोघांसही घातक समजतों.

कायदा काय म्हणतो हें प्रथम पाहूं. १९४८ च्या किमान वेतन कायद्याची जागा आतां २०१९ च्या वेतन संहितेनें घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आली आहे. तिच्या अन्वयें किमान दराचा फेरविचार सरकारनें सामान्यतः पांच वर्षांच्या आंत केला पाहिजे. सारख्या कामास स्त्री-पुरुषांना सारखें वेतन, जादा वेळेस दुप्पट दर, मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आंत, आणि नोकर सोडून गेला अगर काढला तर कामाच्या दोन दिवसांत हिशेब चुकता, असे तिचे दंडक आहेत. परंतु व्यापारी बंधूंनीं एक भेद ध्यानांत ठेवावा. सरकारी दर वाढला म्हणून दिलेली रक्कम ही पगारवाढ नव्हे. ती केवळ कायद्याची फेड होय. अनुभवाची व कसबाची वाढ निराळी. ती किती द्यावी हें कायदा सांगत नाहीं. तेथें धन्याची न्यायबुद्धि कसोटीस लागते.

"व्यापार मंदा, द्यावें कोठून ?" असें कित्येक विचारतील. किमान वेतनापुरतें याचें उत्तर सर्वोच्च न्यायालयानें १९५७ सालींच क्राऊन ॲल्युमिनिअमच्या खटल्यांत दिलें आहे : किमान मजुरी देण्याची ऐपत नसलेल्या धंद्यास चालण्याचाच हक्क नाहीं. त्यापुढील वाढीस मंदीची सबब ऐकण्याजोगी आहे. पण ती वहीखात्यानिशीं सांगावी, तोंड फिरवून नव्हे.

आपल्याच विदर्भांत, नागपुरास, जमशेटजी टाटांनीं १८७७ सालीं एम्प्रेस मिल सुरू केली. कायद्याची सक्ती नसतां तेथें १८८६ सालीं निवृत्तिवेतनाचा फंड व १८९५ सालीं अपघाताची भरपाई सुरू झाली. त्यायोगें गिरणी बुडाली नाहीं. ती पुढें शंभर वर्षांहून अधिक चालली.

लहान दुकानदारानें टाटांची बरोबरी करावी असें आमचें म्हणणें नाहीं. नेमणुकीच्या वेळींच पगार, काम व वाढीचा महिना कागदावर लिहून द्यावा. महागाई, अनुभव आणि काम यांस किती वजन द्यावयाचें याचा नियम सर्वांस एकच असावा. पगाराच्या चिठ्ठींत उचलीपोटीं कापलेली रक्कम स्पष्ट असावी. वाढ देतां येत नसेल तर कारण सांगून पुन्हां विचार केव्हां होईल तेंही सांगावें. यास एका कागदापलीकडे खर्च नाहीं. उलट शिकलेला माणूस ऐन हंगामांत सोडून गेल्यानें होणारें नुकसान मोठें असतें.

येत्या लक्ष्मीपूजनास नव्या वहीची पूजा होईलच. तिच्या पहिल्या पानावर, नफ्याच्या आंकड्याआधीं, नोकरांच्या वाढीचा नियम लिहिला जावा, एवढीच आमची सूचना आहे.