धागा तुटला की थांबणारा माग

इचलकरंजीला किंवा मालेगावला गेलेल्यांना मागांचा खडखडाट सांगायला नको. साध्या मागावर धागा तुटला आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, तर माग आपला चालतच राहतो. हातभर कापड वाया जातं. म्हणून विणकराला डोळ्यांत तेल घालून उभं राहावं लागतं. ही कटकट दूर करण्यात जपानमधल्या एका सुताराच्या मुलाचा मोठा वाटा आहे. त्याचं नाव साकिची तोयोदा.

साकिचीचा जन्म १८६७ सालचा. बाप सुतारकाम करी, आई हातमागावर विणी. मुलगा बापाचा धंदा शिकला, पण त्याचं लक्ष आईच्या मागाकडे! एका हाताने धोटा सारायचा, दुसऱ्या हाताने घ्यायचा, मग फणीने बाणा ठोकायचा. दिवसभर तेच. साकिची लाकडं तासून माग करी, जमला नाही की मोडी, पुन्हा करी. लोकांनी त्याला खुळ्यात काढलं. अखेर १८९० साली त्याचा माग जमला. एका हाताने फणी पुढंमागं केली की धोटा आपोआप पलीकडे जाई. दुसऱ्या वर्षी त्याला पेटंट मिळालं. पेटंट म्हणजे, ज्याचा शोध त्याच्या परवानगीवाचून इतरांनी तो करून विकायचा नाही, असा कायद्याचा हक्क.

मग त्याने वाफेवर चालणारा माग केला. १९२४ साली साकिची आणि त्याचा मुलगा किइचिरो यांच्या खटपटीतून नवा माग तयार झाला. धोट्यातलं सूत संपलं की हा माग न थांबता स्वतःच नवा धोटा घेई. आणि ताण्याचा धागा तुटला तर? प्रत्येक धाग्यावर पत्र्याची एक पातळ पट्टी टांगलेली असे. धागा तुटला की पट्टी खाली पडे आणि माग जागच्या जागी थांबे. युक्ती किती साधी, पाहा.

आता एक माणूस तीस-तीस माग सांभाळू लागला. मग बाकीच्या विणकरांचं काय, असं तुम्ही विचाराल. आमच्याही मनात तेच आलं. कापड स्वस्त झालं हे खरं, पण माणसं कमी लागू लागली हेही तितकंच खरं.

१९२६ साली या कुटुंबाने मागांचा कारखाना काढला. जावई रिसाबुरो त्याचा प्रमुख झाला. १९२९ साली तर नवल घडलं. विलायतेतल्या ओल्डहॅम गावची प्लॅट ब्रदर्स ही कापड-यंत्रांची जुनी, नावाजलेली कंपनी. तिनेच तोयोदांच्या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेतले! ज्यांच्याकडून जगाने यंत्रं घ्यायची, ते सुताराच्या पोराच्या दारी आले.

साकिची १९३० साली वारला. किइचिरोला मोटारींचं वेड होतं. १९३३ साली मागांच्या कारखान्यातच त्याने मोटारींचं खातं उघडलं, आणि १९३७ साली त्याची वेगळी कंपनी झाली. तीच टोयोटा. नावातला ‘द’ जाऊन ‘ट’ आला, कारण जपानी लिपीत ते नाव आठ रेघांत लिहून होतं, आणि आठ आकडा तिकडे शुभ मानतात.

माग मात्र सुटले नाहीत. पुढे धोट्याऐवजी वाऱ्याच्या झोताने बाणा नेणारे माग आले. १९९५ साली तोयोदांच्या कारखान्याने आपल्या किर्लोस्करांबरोबर बंगळूरकडे सूत कातण्याच्या यंत्रांची कंपनीही काढली. किर्लोस्कर म्हणजे लोखंडी नांगरापासून वर आलेलं घराणं, हे तुम्हांला ठाऊक असेलच.

नागोया शहरात साकिचीच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर १९९४ साली संग्रहालय उघडलं. टोयोटाच्या घरी जायचं म्हणून मोटार बघायला जावं, तर दारातच समोर उभा दिसतो साकिचीने शोधलेला गोल माग.