विश्लेषण : महायुद्धातला ब्रिटिश लष्करी ट्रक ओळखतात कसा? आणि तो रंगवण्याची घाई का करू नये?

लाल समुद्रात, इजिप्तच्या किनाऱ्यापासून जवळ, साधारण ३० मीटर खोलीवर ‘एसएस थिसलगॉर्म’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज पडून आहे. ६ ऑक्टोबर १९४१ च्या पहाटे जर्मन विमानांनी बॉम्ब टाकून ते बुडवलं. उत्तर आफ्रिकेत लढणाऱ्या फौजेची रसद त्यात होती. जहाजाच्या पोटात आजही बेडफर्ड ट्रक ओळीने उभे आहेत आणि काहींच्या हौद्यात मोटरसायकली लादल्या होत्या तशाच आहेत. स्कुबा डायव्हिंग करणारे पर्यटक मुद्दाम हे पाहायला जातात.

हे ट्रक गंजलेत, त्यांच्यावर समुद्री जीव वाढलेत. पण एका बाबतीत ते जमिनीवरच्या भावंडांपेक्षा जास्त भरवशाचे आहेत. बुडाल्यापासून त्यांना कुणी रंग दिलेला नाही, इंजिन बदललेलं नाही, की हौदा कापून क्रेन बसवलेली नाही. जमिनीवर उरलेल्या ट्रकांचं हे सगळं झालंय, कधीकधी चार-चार वेळा. त्यामुळे ब्रिटनमधल्या एखाद्या शेतावरच्या शेडमध्ये जुना लष्करी ट्रक सापडला, की पहिला प्रश्न ‘चालू होईल का?’ हा नसतो. ‘हा नेमका आहे कोण?’ इथून सुरुवात होते.

ट्रक की लॉरी?

आपण सरसकट ट्रक म्हणतो, पण ब्रिटिश सैन्यात हे दोन वेगळे शब्द होते. एक टनापर्यंत माल वाहणारा तो ‘ट्रक’, त्याहून मोठी ती ‘लॉरी’. क्षमता मोजायची हंड्रेडवेटमध्ये. एक हंड्रेडवेट म्हणजे ११२ पौंड, म्हणजे साधारण ५०.८ किलो. ‘१५ हंड्रेडवेट’चा ट्रक म्हणजे सुमारे ७६२ किलो माल नेणारा. हा आकडा गाडीच्या वजनाचा नसून मालाचा आहे, इथे नवखे हमखास फसतात.

ही वर्गवारी गाडीच्या अंगावरच लिहिलेली असे. बॉनेटच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या रंगात एक इंग्रजी अक्षर आणि पुढे लांबलचक क्रमांक रंगवलेला असायचा. ‘एल’ म्हणजे लॉरी, ‘झेड’ म्हणजे ट्रक, ‘एच’ म्हणजे तोफ किंवा बंद पडलेली गाडी ओढणारा ट्रॅक्टर, ‘ए’ म्हणजे अँब्युलन्स. सैन्यातला गाडीचा हा आधार क्रमांकच. युद्धानंतर सेवेत राहिलेल्या गाड्यांना १९४९ पासून नव्या पद्धतीचे क्रमांक मिळाले: दोन आकडे, दोन अक्षरं, पुन्हा दोन आकडे. म्हणजे एकाच गाडीला दोन ओळखी असू शकतात, एकावर एक रंगवलेल्या.

चेहऱ्यावरून काय कळतं?

बरंच काही. बेडफर्ड एमडब्ल्यू हा १५ हंड्रेडवेटचा ट्रक रुंद, चपट्या बॉनेटवरून लांबून ओळखू येतो. सुरुवातीच्या एमडब्ल्यूला दारं नव्हती आणि समोर पूर्ण काचही नव्हती. ड्रायव्हरपुढे छोटी काच आणि डोक्यावर ताडपत्री, एवढाच संसार. दारं आणि रुंद काच दिसली की गाडी युद्धाच्या उत्तरार्धातली, असा पहिला अंदाज बांधता येतो.

बेडफर्डचाच क्यूएल हा तीन टनी, चारही चाकांना ताकद देणारा ट्रक १९४१ मध्ये आला आणि असे सुमारे ५२ हजार ट्रक बनले. इथे नावातलं शेवटचं अक्षर महत्त्वाचं. क्यूएलडी साधा मालवाहू, क्यूएलटी सैनिक नेणारा, क्यूएलआर वायरलेसचा, क्यूएलबी बोफोर्स तोफ ओढणारा. (ही बोफोर्स म्हणजे महायुद्धातली ४० मिलिमीटरची विमानविरोधी तोफ. आपल्याकडे सरकार हलवणारी बोफोर्स त्याच कंपनीची, पण पुष्कळ नंतरची.) तीन टनी ऑस्टिन के५ तर डोळे मिटूनही ओळखता यायचा. त्याचे गिअर इतके किंचाळत, की त्याचं टोपणनावच ‘स्क्रीमर’ पडलं.

‘ब्रिटिश’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी ट्रकांचा जन्म ब्रिटनमधला नाही. बसकं नाक, उजवीकडे स्टिअरिंग आणि वरच्या कडेने पुढे झुकलेली काच दिसली, तर तो बहुधा ‘कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न’. वरून उडणाऱ्या विमानाला काचेची चमक दिसू नये, म्हणून ती तशी झुकवलेली. ब्रिटिश सैन्याच्या गरजेनुसार फोर्ड आणि शेवरलेने कॅनडात हे ट्रक बनवले, चार लाखांहून जास्त. दोघांच्या केबिन इतक्या सारख्या, की खात्री करायला बॉनेट उघडावं लागतं: आत व्ही८ इंजिन असेल तर फोर्ड, एका रांगेत सहा सिलिंडर असतील तर शेवरले.

आपला संबंध येतो तो इथेच. ब्रिटिश-भारतीय सैन्याला हे कॅनेडियन ट्रक मोठ्या संख्येने मिळाले. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून गाड्यांची जुळणी करत होता. युद्धात तिथेही लष्करी ट्रक जुळवले गेले. कॅनेडियन फोर्डच्या चासीवर टाटांच्या पोलादाचं चिलखत चढवलेली गाडी तर ‘टाटानगर’ याच नावाने ओळखली गेली.

काही ट्रक इतके दुर्मीळ का?

याचं मोठं कारण डंकर्क. १९४० च्या मे-जूनमध्ये ब्रिटिश फौज फ्रान्समधून समुद्रमार्गे माघारी निघाली, तेव्हा माणसं परत आली, गाड्या राहिल्या. सुमारे ६४ हजार वाहनं मागे सोडावी लागली. सैनिकांनी इंजिनं फोडली, टाक्या रिकाम्या केल्या. काही लॉऱ्या ओहोटीच्या वेळी पाण्यात एकामागे एक उभ्या करून त्यांच्यावर फळ्या टाकल्या आणि बोटीपर्यंत जाणारा तात्पुरता धक्का तयार केला. उरलेल्या गाड्या जर्मन सैन्याने वापरल्या. १९४० पूर्वीचा मॉरिस किंवा बेडफर्ड आज दिसला, की जाणकार आधी नंबर प्लेटकडे धावतात ते यामुळे.

खरी साक्ष रंगाखाली

चासी क्रमांकाची पट्टी, कंत्राट क्रमांकाची पट्टी, इंजिनावरचा ठसा हे सगळं तपासलं जातंच. पण पट्ट्या चार स्क्रूंवर असतात. त्या निघतात आणि दुसऱ्या गाडीवर बसतात. रंगाचं तसं होत नाही.

युद्धाच्या सुरुवातीला गाड्या ‘खाकी ग्रीन नंबर ३’ मध्ये असत. पुढे हिरव्या रंगद्रव्याचा तुटवडा पडल्याने ‘एससीसी २’ हा तपकिरी रंग आला. १९४४ पासून ‘एससीसी १५’ हा ऑलिव्ह ड्रॅब. युद्धानंतर गडद ब्राँझ-हिरवा. मग लिलाव, आणि त्यावर गॅरेजवाल्याचा निळा किंवा सर्कसवाल्याचा लाल. पुरातत्त्व खात्याच्या खोदकामात मातीचे थर दिसतात, तसे हे थर बॉनेटच्या पत्र्यावर असतात.

ते उलगडायची पद्धत कंटाळवाणी आहे. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवायचा आणि हाताने, हलक्या दाबाने घासत जायचं. एक थर गेला की थांबायचं, फोटो काढायचा. हिरव्याखाली पांढऱ्याची पुसट कड दिसली की ट्रेसिंग पेपर लावून अक्षरं उतरवून घ्यायची. बॉनेटला दोन-दोन दिवस देणारे लोक आहेत. सँडब्लास्टिंगने हेच बॉनेट काही मिनिटांत चकचकीत होतं आणि गाडीचा इतिहास वाळूबरोबर उडून जातो. तो परत आणायला कुठलंही वर्कशॉप नाही.

क्रमांक सापडला तरी प्रश्न उरतात, कारण बॉनेट दुसऱ्याच गाडीचं असू शकतं. १९४२ मध्ये ब्रिटिश सैन्यात दुरुस्तीसाठी ‘रीमी’ हे स्वतंत्र दल उभं राहिलं. आघाडीमागच्या वर्कशॉपमध्ये तीन मोडक्या गाड्यांतून दोन चालत्या करणं हे रोजचंच काम होतं. विंटेज मोटारींच्या बाजारात चासी आणि इंजिनाचे मूळ क्रमांक जुळले की भाव वाढतो. लष्करी ट्रकला हा निकष लावणं चूक आहे. तिथे बदललेलं इंजिन हा बहुतेक वेळा गाडी खरोखर सेवेत राबल्याचा पुरावा असतो.

एक सोपी खूण मात्र कुणालाही तपासता येते. मागच्या ॲक्सलच्या मध्यावर डिफरन्शियलचा गोळा असतो. तो पांढरा रंगवलेला सापडला, तर ती काळोखातल्या ताफ्याची आठवण आहे. वर एक मिणमिणता दिवा त्या पांढऱ्या गोळ्यावर प्रकाश टाकायचा. मागच्या ड्रायव्हरला तेवढा ठिपका दिसायचा, आकाशातल्या विमानाला काहीच नाही.

कोणत्या वर्षात परत न्यायचं?

खरा वाद इथे आहे. उदाहरण एईसी मॅटाडोरचं. ही कंपनी लंडनच्या बस बनवणारी. तिने मध्यम पल्ल्याच्या तोफा ओढायला ७.७ लिटर डिझेल इंजिनाचा हा चारचाकी-ताकदीचा दांडगा ट्रॅक्टर बनवला, नऊ हजारांहून अधिक. युद्ध संपल्यावर कित्येक मॅटाडोर लाकूड व्यापाऱ्यांनी घेतले आणि जंगलातून ओंडके ओढायला लावले. काही गॅरेजमध्ये बंद गाड्या उचलू लागले. केबिन बदलल्या, मागे क्रेन चढली. तोफेमागे चार-पाच वर्षं आणि ओंडक्यामागे तीस वर्षं, असा एखाद्याचा हिशोब निघतो.

आता त्याला १९४२ सालचा करायचा, तर ती तीस वर्षं कापून भंगारात टाकावी लागतात. बरेच हौशी लोक तेच करतात, कारण प्रदर्शनात तोफेसह उभ्या मॅटाडोरभोवती गर्दी होते, क्रेनवाल्याभोवती होत नाही. पण केबिनचा पत्रा नवा, हौदा नवा, रंग नवा झाल्यावर जुनं म्हणून उरतं ते चासी, ॲक्सल आणि कागदपत्रं. त्यापेक्षा गंज थांबवून, ब्रेक सुरक्षित करून, क्रेनसकट जपलेला मॅटाडोर जास्त बोलतो. हा दृष्टिकोन हल्ली मूळ धरतोय, हे बरंच म्हणायचं.

दुसरा मोह निशाणांचा. उत्तर आफ्रिकेत गाजलेल्या ब्रिटिश ७ व्या आर्मर्ड डिव्हिजनचा ‘डेझर्ट रॅट’, म्हणजे लाल जर्बोआ उंदीर, रंगवायला सोपा आणि फोटोत छान दिसणारा. त्यामुळे आयुष्यभर इंग्लंडमधल्या डेपोत बटाटे वाहिलेला ट्रकही अचानक वाळवंटात लढून आलेला ठरतो. खोटं किती बेमालूम असेल सांगता येत नाही, पण ते अनेकदा तपशिलात पकडलं जातं: मित्रराष्ट्रांचा पांढरा तारा डी-डेच्या काळातला आणि रंग मात्र १९४० चा! पुरावा नसेल तर निशाणाची जागा कोरी ठेवणं हेच प्रामाणिक.

पाने, आटे आणि जिवावर बेतणारे नट

कामाला हात घातला की पहिली अडचण पान्याची. जुन्या ब्रिटिश गाड्यांत व्हिटवर्थ किंवा बीएसएफ मापाचे बोल्ट भेटतात. या पान्यांवरचं माप बोल्टच्या जाडीचं असतं, पान्याच्या तोंडाचं नाही. त्यामुळे ‘अर्ध्या इंचाचा’ व्हिटवर्थ पाना मोजला तर अर्ध्या इंचाहून बराच मोठा निघतो. आट्यांचा कोन ५५ अंशांचा, अमेरिकन आणि मेट्रिक आट्यांचा ६०. चुकीचा बोल्ट दोन फेरे गोड बोलून आत जातो, मग अडकतो आणि भोकाचे आटे खातो. युद्धात दोस्त देशांचे सुटे भाग एकमेकांना बसेनात, हा धडा घेऊन ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडाने १९४८ मध्ये आट्यांचं समान प्रमाण मान्य केलं. म्हणूनच १९४१ च्या ट्रकमध्ये त्या प्रमाणाचा बोल्ट सापडला, तर ती दुरुस्ती नंतरची.

पेट्रोलही बदललंय. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरची सीलं खराब करतं. ब्रिटनमध्ये २०२१ पासून ई१० नेहमीचं पेट्रोल झाल्यावर जुन्या गाड्यांचे मालक नळ्या बदलायच्या मागे लागले. ई२० वरून आपल्याकडे झालेली चर्चा ज्यांनी ऐकली, त्यांना हे वेगळं सांगायला नको. जुन्या ब्रेक लायनिंग आणि गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ते कोरडं घासू नये, हवेच्या झोताने उडवू नये.

सगळ्यात धोकादायक भाग दिसायला अगदी निरुपद्रवी आहे. यातल्या अनेक ट्रकांची चाकं दोन अर्धुकांची असतात आणि ती बोल्टच्या एका वर्तुळाने एकत्र धरलेली असतात. चाक हबला धरणारं नटांचं वर्तुळ वेगळं. पंक्चर काढायला घेतलं, हवा आत असताना चुकीचं वर्तुळ सोडलं, तर दोन अर्धुकं बंदुकीच्या गोळीसारखी सुटतात. अशाने माणसं मेली आहेत. म्हणून ते नट लाल रंगवण्याची पद्धत होती. पण हौशी मालक सगळी गाडी एकाच रंगात फवारतो आणि लाल नट हिरवे होतात. व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडल्याशिवाय या चाकाला पाना लावायचा नाही, मग ट्रक कितीही ओळखीचा असो.

आपल्याकडे असा ट्रक निघाला तर?

महाराष्ट्रात अहिल्यानगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे आणि लोक आवर्जून पाहायला जातात. त्याच युद्धात रणगाड्यांपर्यंत इंधन आणि दारूगोळा पोहोचवणारे ट्रक लिलावात गेले, माल वाहत राहिले आणि शेवटी भंगारात किलोवर विकले गेले.

केंद्राच्या जुलै २०२१ च्या नियमानुसार ५० वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकींना ‘विंटेज’ नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं. अट अशी, की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल झालेले नसावेत. वर्कशॉपने १९४३ मध्येच इंजिन बदललेल्या लष्करी ट्रकला ही अट कशी लावायची? नियम खासगी मोटारी डोळ्यापुढे ठेवून लिहिल्यासारखा वाटतो.

तोवर कुणाच्या वाड्यामागे, पेट्रोल पंपामागे किंवा बंद कारखान्यात बसक्या नाकाचा ट्रक उभा असेल, तर पेंटरला फोन करण्याआधी चासीवरच्या पट्टीचा फोटो काढावा. मग बॉनेटची बाजू ओल्या फडक्याने पुसावी आणि सकाळच्या तिरप्या उन्हात नीट पाहावी. रंगाखालच्या अक्षरांचा उंचवटा बऱ्याचदा तेवढ्यानेही दिसतो.