गाव तुरीचे, भाव डाळीचा

नांदेडला लेकीकडे गेले की परतताना महिन्याचे सामान तिथूनच आणायचे, अशी सवय मला गेल्या दोन-तीन वर्षांत लागली आहे. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले आणि तेव्हापासून आमच्या फुलसावंगीच्या बायका जरा जास्तच फिरू लागल्या, असे इथल्या पुरुषमंडळींचे म्हणणे! तर ही गोष्ट नोव्हेंबर २०२५ मधली. दिवाळी आटोपली होती. लेकीबरोबर मी तिथल्या एका मोठ्या दुकानात गेले. ढकलगाडी घेऊन फिरायचे, हवे ते आपल्या हाताने उचलायचे, 'काय देऊ बाई?' म्हणून विचारायला कोणी नाही. शेवटी काउंटरवरच्या मुलीने एकेक वस्तू यंत्रासमोरून फिरवली आणि पडद्यावरचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत चढत गेला. तीन हजार आठशे चाळीस रुपये. मी घरून यादी करून निघाले होते, अंदाजही करून निघाले होते. तीन हजारांच्या आत. सगळी नोकरी गणित शिकवण्यात गेली आणि हिशेब आठशे रुपयांनी चुकला!

मागे रांग होती. काय कमी करता येईल म्हणून मी गाडीत पाहिले. तुरीच्या डाळीचे किलोचे दोन पुडे होते, त्यातला एक मी परत दिला. "आई, असू दे गं, मी देते," लेक हळूच म्हणाली. तिच्या मनात काही नव्हते. पण तो पुडा परत करताना माझा चेहरा उतरला तो पैशांमुळे नव्हे. आमची साडेचार एकर शेती आहे. कपाशीत दरवर्षी तुरीच्या ओळी असतात. फेब्रुवारीत आमच्या घरून तुरीची पोती गेली, आणि नोव्हेंबरात मी नव्वद किलोमीटरवर जाऊन डाळीचा पुडा परवडत नाही म्हणून माघारी ठेवत होते.

बिलाची ती लांबलचक पट्टी मी घरी आणून वहीत चिकटवली. १९८४ साली जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली तेव्हापासून घरखर्चाची वही लिहिते आहे. त्याच सुमारास वर्तमानपत्रात बातमी आली की, ऑक्टोबर २०२५ मध्ये देशातला किरकोळ महागाईचा दर अवघ्या पाव टक्क्यावर आला; खाद्यपदार्थांचा तर उणे पाच टक्के! आमच्या ह्यांनी चष्मा वर केला आणि विचारले, "सरकार म्हणते महागाई संपली. तुझी वही काय म्हणते?"

वही म्हणत होती की सरकारही खोटे बोलत नाही आणि मीही. हा दर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून काढतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये खाद्यपदार्थ वर्षभरात जवळजवळ अकरा टक्क्यांनी महागले होते. अकरा पायऱ्या चढून पाच उतरलो, म्हणजे अंगणात आलो असे होत नाही. शिवाय उतरला तो मुख्यतः भाजीपाला आणि डाळी. हो, डाळसुद्धा, आदल्या वर्षी तोच पुडा मी याहून जास्त पैशांत घेतला होता, तशी नोंद वहीत आहे. तेल मात्र तेव्हाही चढेच होते. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी कमी झाला, त्याने साबण आणि टूथपेस्ट स्वस्त झाली, तेही बिलात दिसले. पण साबणाने कढईत फोडणी बसत नाही ना!

तेलाची एक वेगळीच गंमत आहे. आमच्या दोघांच्या घरात येणेजाणे धरून महिन्याला चार पिशव्या लागतात. वर्षानुवर्षांचा हिशेब. अलीकडे अठ्ठाविसाव्या तारखेलाच बरणीचा तळ दिसू लागला. ह्यांनी सरळ माझ्या भज्यांवर आरोप ठेवला. मी दोन महिने हात आखडता घेतला, तरी तेच. शेवटी एके दिवशी भिंग घेऊन पिशवी वाचायला बसले. सोयाबीनचे एक लिटर तेल वजनाला साधारण ९१० ग्रॅम भरते. माझ्या हातातल्या पिशवीवर बारीक अक्षरांत लिहिले होते, ८५० ग्रॅम. पिशवी तेवढीच, चित्र तेच, फुगवटाही तसाच. लिटर हा शब्द मात्र कुठे ठळक नव्हता. चार पिशव्यांत २४० ग्रॅम कमी, म्हणजे आमच्या घरचे बरोबर दोन दिवस. भज्यांची निर्दोष मुक्तता झाली.

ही फसवणूक म्हणावी, तर कायद्याने नाही. पूर्वी तेल, पीठ, चहा, बिस्किटे अशा ठरावीक वस्तू ठरावीक मापातच बांधाव्या लागत. २०२२ मध्ये ते बंधन उठले. त्याबरोबरच पुड्यावर एका ग्रॅमची किंवा एका किलोची किंमत छापण्याचा नियम आला, म्हणजे गिऱ्हाइकाने ताडून पाहावे. हेतू चांगला आहे. पण ती किंमत ज्या जागी आणि ज्या अक्षरांत छापतात, ती पाहायला माझ्यासारखी भिंगवाली बाईच हवी.

आणि भिंग घेऊन तरी आमच्या शेजारची मावशी काय करणार? ती रोजमजुरीने जाते. ती गावातल्याच दुकानातून चहापत्ती, तिखट, मसाला, सारे पाच-दहा रुपयांच्या पुड्यांत आणते. दहाची पुडी दहालाच मिळते, तिचा भाव वाढल्याचे कधी ऐकिवात नाही; आतला माल तेवढा उणा होत जातो. "मले तं वाटते बाई, ह्या पुड्या उन्हानं वाळतात," ती एकदा म्हणाली. रेशनवर तांदूळ-गहू २०२३ पासून फुकट आहे, त्याचा तिला मोठा आधार. पण त्या धान्याबरोबर डाळ नाही की तेल नाही. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, साखर, हरभऱ्याची डाळ आणि तेल असा 'आनंदाचा शिधा' मिळाला होता, तो २०२५ च्या दिवाळीला आलाच नाही. लाडक्या बहिणीचे दीड हजार येतात, त्यांचे काय करतेस, असे मी तिला विचारले. तिने उत्तर न देता चुलीवरच्या कढईकडे बोट केले.

सुट्या तेलाचे दिवस बरे होते, असे म्हणायचा मोह होतो. माझ्या सासूबाई बरणी घेऊन जात, दुकानदार मापाने ओतत असे आणि वर चार थेंब 'वरकड' म्हणून टाकत असे. पण १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या तेलाची भेसळ झाली, कित्येक माणसे दगावली आणि त्यानंतर तेल बंद पिशवीतच विकावे असा आदेश निघाला. तो योग्यच होता. भेसळीतून सुटलो आणि मापात अडकलो.

आता डाळीचा हिशेब. फेब्रुवारी २०२५ मध्ये आमची तूर ६९०० रुपये क्विंटलने गेली. त्या हंगामाचा हमीभाव होता ७५५०. पण खरेदी केंद्राची नोंदणी, ओलाव्याची तपासणी आणि पैशांची वाट, एवढे थांबण्याची ताकद आमच्या भाऊजींपाशी नव्हती. शेती माझे दीर, म्हणजे भाऊजी, पाहतात. किलोला ६९ रुपये पडले. शंभर किलो तुरीची डाळ होते साधारण सत्तर किलो. बाकी टरफल, चुणी, कणी. म्हणजे एक किलो डाळीत ९९ रुपयांची तूर गेली. नांदेडचा पुडा होता १४२ रुपयांचा. वरच्या ४३ रुपयांत अडत्या, हमाल, डाळमिल, वाहतूक, पिशवी, कर, दुकानाचे भाडे, थंडगार हवा आणि ती टिक् टिक् करणारी मुलगी, सारेच आले. खरे सांगू? मी हिशेब मांडायला बसले तेव्हा कोणीतरी मोठा लुटारू सापडेल अशी माझी खात्री होती. तसा एकटा कोणी सापडला नाही. प्रत्येकाने थोडे थोडे घेतले होते, आणि टरफल-चुणीचे पैसेही वाटेतच कोणाला तरी मिळाले होते.

हा हिशेब मी भाऊजींना वाचून दाखवला, तो घरात वाद सुरू झाला. "वहिनी, तुम्ही डाळ स्वस्त मागता म्हणजे माझी तूर स्वस्त मागता," ते म्हणाले. यात नवे काही नव्हते. २०१५ च्या ऑक्टोबरात तुरीची डाळ दोनशे रुपये किलोवर गेली, राज्यात साठेबाजांच्या गोदामांवर छापे पडले. तेव्हा आमच्या घरात तुरीचा दाणा नव्हता. सारी जानेवारीतच विकली होती. भाव पाहून पुढच्या वर्षी सगळ्यांनी तूर पेरली, पाऊसही चांगला झाला, आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये बोनस धरून ५०५० रुपये हमीभाव असताना खरेदी केंद्रांपुढे पोत्यांच्या रांगा लागल्या. भाऊजींनी त्या रांगेत चार रात्री काढल्या, पोत्यांवर झोपून. डाळ महाग तेव्हा तूर नाही, तूर आहे तेव्हा तिला भाव नाही. एकाच घरात मी एका वर्षी रडते, ते दुसऱ्या वर्षी.

तेलाचेही तसेच. आपल्या देशाला लागते त्यातले निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीनचे अर्जेंटिना-ब्राझीलहून, सूर्यफुलाचे रशिया आणि युक्रेनमधून. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले, इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली आणि फुलसावंगीच्या बसस्टँडवरचा भज्यांचा घाणा लहान झाला! पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने कच्च्या तेलावरचे आयातशुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्के केले, सोयाबीनला भाव मिळावा म्हणून. माझी तेलाची पिशवी लगेच महागली. सोयाबीन मात्र ४८९२ रुपये हमीभाव असताना बाजारात चार हजारांच्या आसपासच रेंगाळले. मे २०२५ मध्ये शुल्क साडेसोळावर आणले. भाऊजी म्हणाले, "घ्या, आता तुमचं राज्य आलं." पण पिशवी काही पूर्वपदावर आली नाही.

मला माझे लहानपण आठवते. मी दहा वर्षांची असताना, १९७२ चा दुष्काळ होता. रेशनवर मिलो नावाची लाल ज्वारी मिळे, तिची भाकरी थापताना आईचे हात रडकुंडीला येत. त्याच वर्षी तिकडे मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बाया एकत्र आल्या, महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती निघाली आणि बायका लाटणी घेऊन थाळ्या बडवत रस्त्यावर उतरल्या. पुढे कितीतरी दिवस आमच्या घरी आई चिडली की वडील म्हणत, "लाटणं खाली ठेव." नांदेडच्या त्या रांगेत माझ्या पुढे-मागे वीस बायका तरी होत्या. प्रत्येकीने पडद्यावरचा आकडा पाहिला, एखादी वस्तू हळूच बाजूला काढली आणि मुकाट्याने पैसे दिले. थाळी कोणापुढे बडवायची? काउंटरवरची मुलगी स्वतःच महिन्याच्या शेवटी तेल मोजून वापरत असेल.

तरी दुष्काळ नसलेल्या वर्षी आमच्या घरात विकत काय येत असे, ते आठवले म्हणजे आश्चर्य वाटते. मीठ, साखर, चहा, रॉकेल. ज्वारी कणगीत, जवसाचे आणि करडईचे तेल घाण्यावरून, मूग-उडीद शेतातले. तूर तेलपाणी लावून, उन्हात वाळवून आई आणि काकू जात्यावर भरडत. मग सोयाबीन आले. त्याने रोख पैसा दिला, माझ्या लेकीचे कॉलेज त्यावरच झाले, त्याला नावे ठेवणार नाही. पण ज्वारी गेली, जवस गेला, मूग-उडीद बांधापुरते उरले, आणि जे जे शेतातून गेले ते ते किराण्याच्या यादीत आले.

२०२५ च्या पावसाळ्यात अतिवृष्टीने आमचे सोयाबीन पाण्यात गेले. हाताशी उरली कपाशी आणि तूर. अशा वर्षी मी भाऊजींना म्हटले, दोन क्विंटल तूर विकू नका, घरी ठेवा. ते रागावले नाहीत, नुसते गप्प बसले. दोन क्विंटल तूर म्हणजे खताच्या उधारीचा एक हप्ता, हे मलाही कळत होते. दोन दिवसांनी जाऊबाईंनी निरोप आणला, "ठेवा म्हणाले. पण उधारीचं वहिनींनी पाहावं." मी माझ्या पेन्शनमधून पाहिले.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने लहान डाळमिल तयार केली आहे, तशी एक जवळच्या गावात बचत गटाच्या बायका चालवतात. ट्रॅक्टरवरून तूर तिथे नेली. बायकांनी ती निवडली, चिरा पाडल्या, तेल लावले, भिजवून अंगणात वाळत घातली. ऊन बरे होते. पाचव्या दिवशी १३८ किलो डाळ हाती आली, चुणी गाईसाठी आणि कणी मावशीच्या कोंबड्यांसाठी. डाळ दुकानातल्यासारखी चकचकीत नाही. काही दाण्यांना टरफल चिकटलेले आहे. शिजायला शिटी एक जास्त लागते. दळाई, वाहतूक आणि तेल धरून हिशेब अजून वहीत पुरा मांडायचा आहे. ट्रॅक्टरचे पैसे भाऊजी सांगत नाहीत.

परवा लेकीचा फोन आला. "आई, वीस किलो डाळ मला ठेव. पण भाव काय लावणार?" मी फोन भाऊजींकडे दिला. त्यांनी क्षणभर विचार केला.

"पोरीले फुकट," ते म्हणाले. "पण जावयाले सांग, हमीभाव आठ हजार आहे."