लढाऊ मासा (घरगुती पैदास)

ऑस्फ्रोनेमिडी कुलातील गोड्या पाण्यातील शोभिवंत मासा. याचे शास्त्रीय नाव बेट्टा स्प्लेंडेन्स असे असून चार्ल्स टेट रेगन यांनी १९१० मध्ये त्याचे वर्णन केले. मूलस्थान थायलंड, तेथील भातखाचरांत व उथळ दलदलींत तो आढळतो. बाजारात तो ‘फायटर’ म्हणून ओळखला जातो. लांबी सु. ६ सेंमी.; पाळीव जातींतील नराचे पक्ष लांब व झुपकेदार, मादीचे आखूड असतात. कल्ल्यांच्या वरच्या बाजूस अनेक घड्या असलेले पूरक श्वसनांग असते. त्याच्या साहाय्याने मासा पृष्ठभागावरील हवा घेतो व कमी ऑक्सिजनाच्या पाण्यातही जगतो. मात्र पाण्यावरील हवा उबदार व दमट असावी लागते.

सोलापूरसारख्या कोरड्या हवामानाच्या ठिकाणी हीच मुख्य अडचण होय. एप्रिल-मे महिन्यांत दिवसाचे तापमान ४०° से.च्या वर जाते व उथळ पाणी लवकर तापते. हिवाळ्यात रात्री ते थंड होते. म्हणून पैदाशीस पावसाळ्याचे महिने सोयीचे. सु. २० लि. पाणी मावणाऱ्या टाकीत १२ ते १५ सेंमी. खोल पाणी घेऊन ते २७° ते २९° से. तापमानास राखावे. नळाचे पाणी उघड्या भांड्यात एक-दोन दिवस ठेवून त्यातील क्लोरीन जाऊ द्यावा. तळाशी वाळू घालू नये. मादीला लपण्यासाठी पाणवनस्पती मात्र अवश्य ठेवाव्यात.

जोडी प्रथम काचेच्या आडोशाने वेगळी ठेवून तिला डासांच्या अळ्या, डाफ्निया यांसारखे जिवंत खाद्य द्यावे. नराने पृष्ठभागावर बुडबुड्यांचे घरटे बांधले व मादीचे पोट भरलेले दिसले, म्हणजे आडोसा काढावा. नर मादीचे पक्ष फाडू लागल्यास तिला तत्काळ हलवावे. मीलनाच्या वेळी नर मादीभोवती विळखा घालतो. खाली पडणारी अंडी तोंडात गोळा करून घरट्यात ठेवतो. अंडी घालून होताच मादीला वेगळे करावे. सु. ३६ तासांत अंडी फुटतात. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी पिल्ले आडवी पोहू लागली की नरालाही काढावे.

पिल्लांना प्रथम इन्फुसोरिया व काही दिवसांनी आर्टेमियाची नवजात पिल्ले खाऊ घालावीत. उरलेले खाद्य कुजून पाणी दूषित होते. पूरक श्वसनांग तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास कार्यक्षम होऊ लागते. या काळात कोरडी वा थंड हवा लागल्यास पुष्कळ पिल्ले दगावतात. यास्तव टाकीवर काचेचे झाकण ठेवावे.

एका वेळी शंभराहून अधिक पिल्ले निपजू शकतात व दोन-तीन महिन्यांत नर परस्परांशी भांडू लागतात. प्रत्येक नरास स्वतंत्र टाकी देता येत नसेल, तर पैदास करू नये. वाढीव मासे सिद्धेश्वर किंवा हिप्परगा यांसारख्या तलावांत सोडणे स्थानिक जलचरांना घातक ठरू शकते. करमणुकीसाठी प्राण्यांची झुंज लावणे हा प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियमानुसार (१९६०) अपराध आहे.